सत्त्याहत्तरावी खुर्ची

विमानाची रचना कोण करतो, असे विचारले तर भाबडा माणूस इंजिनिअरचे नाव घेतो. पंखांची लांबी, इंजिनाची ताकद असले किरकोळ तपशील इंजिनिअर ठरवतही असतील. पण अमेरिकेत छोटे विमान मुळात केवढे असावे, हे ठरते बड्या विमान कंपनीच्या वैमानिकांनी व्यवस्थापनाशी केलेल्या कराराच्या पहिल्या कलमात. त्याला म्हणतात स्कोप क्लॉज. पगार, पेन्शन, रजा, मुक्कामाचे हॉटेल हे सगळे नंतर. आधी हे ठरते की कंपनीच्या नावाने उडणाऱ्या विमानांपैकी कोणती आम्हीच उडवणार आणि कोणती बाहेरच्या स्वस्त माणसाकडून उडवून घेतली तरी आम्ही डोळे मिटून बसणार. डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन या तीन बड्या घरांत आज ही लक्ष्मणरेषा जवळजवळ एकाच जागी आखलेली आहे : जास्तीत जास्त ७६ खुर्च्या, आणि उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ८६,००० पौंड, म्हणजे साधारण ३९,००० किलो.

शहात्तर प्रवाशांचा जीव कंत्राटदाराच्या हवाली करायला हरकत नाही. सत्त्याहत्तरावा आत शिरला की मात्र व्यवसायाची प्रतिष्ठा, उड्डाणाची सुरक्षितता आणि आजवरची थोर परंपरा अशा तिन्ही गोष्टी एकदम धोक्यात येतात. हा सत्त्याहत्तरावा प्रवासी दिसतो कसा, हे कुणाला ठाऊक नाही, कारण त्याला आजवर कुणी बसूच दिलेले नाही.

ब्राझीलच्या एम्ब्रेअर कंपनीचे ई-१७५ हे विमान ८८ माणसे नेऊ शकते. अमेरिकेत ते ७६ नेते. उरलेल्या जागेत पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना पाय पसरता येतात, तेव्हा त्यांनी दिवाळीला वैमानिकांच्या युनियनला मिठाईचा पुडा पाठवायला हवा. याच एम्ब्रेअरने एकदा खास अमेरिकन एअरलाइन्सच्या प्रादेशिक शाखेसाठी, म्हणजे अमेरिकन ईगलसाठी, ४४ खुर्च्यांचे ईआरजे-१४० काढले. पन्नास खुर्च्यांचे तयार मॉडेल होते, सदतीसचेही होते. पण करारातली रेघ ४५व्या खुर्चीवर होती, म्हणून ४४. वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागले की पाय मिळतो. कराराला वकिलाने भागले की ४४ मिळतात.

त्याहून रम्य कथा सीआरजे-५५० ची. युनायटेडला मोठी प्रादेशिक जेट विमाने आणखी हवी होती, पण करारात ठरलेला त्यांचा कोटा संपला होता. पन्नास खुर्च्यांच्या विमानांचा शिल्लक होता. मग २०१९ मध्ये सत्तर माणसांचे सीआरजे-७०० घेतले, आतल्या खुर्च्या उपटून पन्नास ठेवल्या, कागदोपत्री कमाल वजनही कमी करून घेतले आणि नव्या नावाने बारसे केले. मोकळ्या झालेल्या जागेत सामानाची कपाटे आली. पहिल्या वर्गासाठी खाण्यापिण्याचा एक कोपराही आला, प्रवाशाने उठून आपल्या हाताने घ्यावे असा. कंपनीने जाहिरात केली ती प्रवाशांच्या आरामाची. विमान तेच, पंख तेच, इंजिने तीच. वीस माणसे मात्र विमानतळावर राहिली, तीही करारबद्ध रीतीने.

सगळ्यांनाच हे गणित जमले असे नाही. जपानच्या मित्सुबिशीने नवे जेट बनवायला घेतले तेव्हा अमेरिकेतल्या युनियन ८६,००० पौंडांची मर्यादा आज ना उद्या सैल करतील, असा भरवसा धरला होता. युनियन जागच्या हलल्या नाहीत. मित्सुबिशीने विमानाचे नाव बदलून पाहिले, आकार बदलून पाहिला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रकल्पच गुंडाळला. प्रमाणपत्राचे घोळ होते, कोविडही होता. सगळे खापर स्कोप क्लॉजवर फोडणे अन्यायाचे होईल. तिकडे एम्ब्रेअरचे सुधारित ई-१७५, कमी इंधन पिणारे, त्याच मर्यादेपेक्षा जड भरले. म्हणून अमेरिकेतले प्रादेशिक प्रवासी अजून जुन्या, जास्त इंधन पिणाऱ्या विमानातच बसतात. हवामानबदलावर परिषदा भरवणाऱ्यांनी कधी हे कलमही वाचावे.

आता या रेषेमागचा इतिहास. १९७८ मध्ये अमेरिकेने विमान वाहतूक सरकारी नियंत्रणातून मोकळी केली. बड्या कंपन्यांना लहान गावांत मोठी विमाने न्यायला परवडेना. मग तिथे छोट्या कंपन्यांची पंख्याची विमाने आली, बड्यांचे रंग लावून. बड्या वैमानिकांची त्याला फारशी तक्रार नव्हती. घरघरणाऱ्या पंख्यामागे बसून गावोगाव उतरत फिरायचे, हे काही बोइंगच्या कॅप्टनचे काम नव्हे. पण १९९० च्या दशकात त्याच छोट्या कंपन्यांकडे जेट आले, आणि कालचे हलके काम एकाएकी आमचे काम झाले.

१५ फेब्रुवारी १९९७ च्या मध्यरात्री अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर गेले. भांडणाचा मुख्य मुद्दा हाच, की नवी छोटी जेट विमाने अमेरिकन ईगलच्या स्वस्त वैमानिकांनी उडवायची की आम्ही? काही मिनिटांतच अध्यक्ष क्लिंटन यांनी १९२६ च्या रेल्वे कामगार कायद्याचा आधार घेऊन संप थांबवला. (विमानाचे भांडण रेल्वेच्या कायद्याने सोडवणारा देश मागासलेला म्हणायचा की प्रगत, हे ठरवणे अवघड आहे.) तडजोड निघाली. ईगलच्या वैमानिकांना बड्या घरात शिरायला एक दरवाजा ठेवला गेला. आत शिरल्यावर रांगेत शेवटचे उभे राहायचे, एवढीच अट.

त्यानंतर ११ सप्टेंबर झाले आणि दिवाळखोरीचा हंगाम सुरू झाला. युनायटेड, यूएस एअरवेज, डेल्टा, नॉर्थवेस्ट सगळे न्यायालयाच्या दारात उभे राहिले. पगार कापले गेले, पेन्शन बुडाली, आणि टेबलावर जे काही विकण्यासारखे उरले होते त्यात ही रेषाही होती. खुर्च्यांचा आकडा ५० वरून ७० वर गेला, ७० वरून ७६ वर. जे वैमानिक आज शहात्तरचा आकडा देवघरात ठेवून पूजतात, त्यांच्यापैकी अनेकांनी पगाराचा एखादा तुकडा वाचवताना तो आपल्या हातांनी वाढवून दिला. या बाबतीत मी त्यांना दोष देत नाही. दिवाळखोरीच्या न्यायाधीशापुढे तत्त्वे फार काळ हवेत राहत नाहीत.

रेषेच्या पलीकडचे जग मात्र नीट बघण्यासारखे आहे. प्रादेशिक कंपनी तिकीट विकत नाही, भाडे ठरवत नाही, वेळापत्रकही ठरवत नाही. हे सगळे बडी कंपनी करते आणि उड्डाणाच्या हिशेबाने पैसे देते. प्रादेशिक कंपनीने माणसे आणि मशीन पुरवायचे. मुंबईकराला हे फोडून सांगायला नको. बसवर नाव बेस्टचे, स्टिअरिंगवरचा माणूस ठेकेदाराचा, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्या माणसांनी काम बंद केले तेव्हा थांब्यावरच्या लोकांनी शिव्या घातल्या त्या बेस्टला. या पद्धतीला आपल्याकडेही वेट लीज म्हणतात. शब्द विमानवाल्यांकडूनच आला आहे.

या धंद्याची गंमत अशी, की कंत्राटी कंपनीचे वैमानिक जितके अनुभवी होतात तितके महाग होतात, आणि महाग झाले की काम दुसऱ्या कंपनीकडे जाते, जिथे वैमानिक अजून कोवळे आहेत. अनुभव हा इतर ठिकाणी गुण असतो. इथे तो खर्चाच्या रकान्यात पडतो. कॉमएअरचे काय झाले पाहा. ही डेल्टाच्या मालकीची, सिनसिनाटीची कंपनी. २६ मार्च २००१ रोजी तिचे वैमानिक संपावर गेले. संप ८९ दिवस चालला, सगळी उड्डाणे बंद पडली आणि वैमानिकांनी चांगली पगारवाढ मिळवली. प्रादेशिक वैमानिकांच्या इतिहासातला तो सुवर्णक्षण. चार वर्षांनी डेल्टाबरोबर कॉमएअरही दिवाळखोरीत गेली. २०१२ मध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी नवा करार केला : पन्नास खुर्च्यांची विमाने कमी करा, बदल्यात ७६ खुर्च्यांची थोडी जास्त चालतील, आणि आम्हाला ८८ बोइंग ७१७ द्या. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर कॉमएअर कायमची बंद झाली. कारण सांगितले गेले, की खर्च जास्त आणि विमाने जुनी.

या दोन्ही बाजूंचे वैमानिक एकाच युनियनचे वर्गणीदार होते, हा तपशील मला सर्वांत आवडतो. एअर लाइन पायलट्स असोसिएशन, स्थापना १९३१. डेल्टावाले तिचे, कॉमएअरवालेही तिचे. युनियन एकीकडे डेल्टासाठी रेषा आखायची, आणि त्या रेषेवर ज्यांचे काम तुटायचे त्यांच्याकडूनही दरमहा वर्गणी घ्यायची. २००१ मध्ये कॉमएअर आणि अटलांटिक साउथईस्ट या प्रादेशिक कंपन्यांचे काही वैमानिक आपल्याच युनियनविरुद्ध न्यायालयात गेले. जगातल्या कामगारांनो एक व्हा, असे त्या युनियनने कधी म्हटलेले नाही, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवे.

इथे थोडे सरळ बोलावे लागेल. १२ फेब्रुवारी २००९ ला नेवार्कहून बफलोला जाणारे विमान घरावर कोसळले. विमानातले सर्व ४९ आणि जमिनीवरचा एक अशी ५० माणसे गेली. विमानावर नाव कॉन्टिनेंटल कनेक्शन, म्हणजे एका बड्या कंपनीचे होते. उडवत होती कोलगन एअर ही प्रादेशिक कंपनी. तपासाने मुख्य ठपका कॅप्टनच्या चुकीच्या प्रतिसादावर ठेवला. पण चौकशीत हेही पुढे आले, की सहवैमानिक आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून देश ओलांडून कामावर आली होती, आणि तिच्या पगारात नेवार्कला घर घेणे सोपे नव्हते. २०१० मध्ये कायदा झाला. तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळाने विमान प्रत्यक्षात कोण उडवणार हे सुरुवातीलाच दाखवावे, असे त्यात आले. आणि पूर्वी २५० तासांच्या उड्डाणानुभवावर सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीत बसता यायचे, तिथे २०१३ पासून साधारण १,५०० तास लागू लागले.

हे तास हा आता नवा वाद आहे. २०२२ मध्ये स्कायवेस्ट या प्रादेशिक कंपनीने पन्नास खुर्च्यांच्या विमानांतल्या वीस खुर्च्या काढून तीस ठेवायचे आणि त्यांना चार्टरच्या नियमांत बसवायचे ठरवले. तीस खुर्च्यांना हजार-दीड हजार तासांचा सहवैमानिक लागत नाही. वैमानिकांच्या युनियनने कडाडून विरोध केला. या वेळी तिचे म्हणणे बरोबर आहे, आणि म्हणूनच ते ऐकताना जरा चुकल्यासारखे वाटते.

दरम्यान पगाराचे काय? कोविडात बड्या कंपन्यांनी करदात्यांचा पैसा घेतला आणि सीनियर वैमानिकांना लवकर निवृत्त केले. मग प्रवासी परतले आणि बड्यांनी प्रादेशिक कॉकपिट रिकामी करून माणसे उचलली. जून २०२२ मध्ये अमेरिकनच्या मालकीच्या एन्व्हॉय, पीडमॉन्ट आणि पीएसए या तिन्ही प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा दर तासाला ९० डॉलरवर नेला. संप नाही, मोर्चा नाही, ८९ दिवस घरी बसणे नाही. माणूस मिळेना, एवढेच.

जो प्रादेशिक वैमानिक बारा वर्षे या रेषेला शिव्या घालत होता, त्याला अखेर बड्या घरातून बोलावणे आले. गणवेश बदलला, टोपी बदलली, सेवाज्येष्ठतेच्या यादीत शेवटचा नंबर मिळाला. पहिल्याच युनियन बैठकीत नव्या कराराचा मसुदा वाटला गेला. तो मागच्या रांगेतून उठला, घसा खाकरला आणि म्हणाला की बाकी पगाराचे काय ते बघा, पण सत्त्याहत्तराव्या खुर्चीला कुणी हात लावायचा नाही.