पडद्याआडची ऊब

थंडी थोडी हवेत असते आणि बरीचशी बसण्याच्या जागेत. आमच्या मांडवगण फराट्यात डिसेंबरच्या पहाटे भीमेकडचा वारा उसाच्या फडांवरून ओला होऊन गावात शिरतो, तेव्हा एकाच शेकोटीभोवती दोन-तीन ऋतू दाटीवाटीनं बसलेले दिसतात. पुढच्या माणसाच्या नडग्यांवर वैशाख असतो आणि त्याच्याच पाठीवर पौष. रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी द्यायला गेलेला कुणी बिबट्याच्या धास्तीनं चारी दिशांना बॅटरी मारत, भिजल्या पायांनी परत येतो, त्याला जाळाशेजारचा कानटोपीवाला बसल्या बसल्या सांगतो, "औंदा थंडी अशी पडलीच नाही." तो खोटं बोलत नसतो. त्याच्या जागेवर ती खरोखरच पडलेली नसते.

या कानटोपीवाल्याचा एक नातलग जर्मनीत आहे. मुठीएवढा, पांढरा, अंगावर एक ते पाच आकडे गोंदवून घेतलेला. तिकडे घराघरांत खिडकीखाली रेडिएटर असतात, बॉयलरवर तापलेलं पाणी त्यांतून फिरतं आणि हा प्रत्येक रेडिएटरच्या टोकाशी बसून आत किती पाणी सोडायचं ते ठरवतो. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह हे त्याचं कागदावरचं नाव. माझी पुतणी ब्रेमेनला राहते, तिच्यामुळे आमच्या घराशी त्याची ओळख झाली. (पुण्यात औंधला ब्रेमेन चौक आहे. त्यामुळे वहिनीच्या मनात ते गाव बरेच दिवस औंधच्या जरासं पुढे होतं.) लेकीच्या खोलीला मोठी खिडकी आहे आणि पलीकडे बर्फ पडतो, एवढं कळल्यावर वहिनीनं पुण्याहून जाड कापड आणलं, आतून अस्तर लावून जमिनीला टेकणारे पडदे शिवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेतून ते धाडले. पडदे सुंदर होते. आजूबाजूच्या सगळ्या करड्या जगात तेवढाच एक डाळिंबी रंग. आणि ते लागले त्या दिवसापासून खोली गार पडत गेली.

व्हिडिओ कॉलवर दादानं तपास हाती घेतला. दादाचा आयुष्यात एकाच रेडिएटरशी संबंध आलेला, तो ट्रॅक्टरचा. आणि तो इंजिन गार ठेवतो. त्याच नावाची वस्तू घर गरम करते, हे त्यानं लेकीसाठी म्हणून मान्य केलं. मात्र पाइप, पाणी आणि कॉक म्हटल्यावर त्याला आत्मविश्वास आला. साऱ्या उसाला ठिबक त्यानं स्वतः उभं राहून जोडून घेतलंय. "कॉक पुरा खोल," तो म्हणाला. "पप्पा, पाचावरच आहे." "मग पाणी पुढे जातं कुठे?" फिरून परत बॉयलरला जातं, असं तिनं सांगितलं. अंघोळीचं पाणी निराळं, हे त्या भिंतीतलं तेच ते फिरत राहतं. यावर दादा थोडा वेळ काही बोलला नाही. एवढं तापवलेलं पाणी घरभर हिंडवायचं आणि त्यातलं तांब्याभरही कुणाच्या अंगावर घ्यायचं नाही, हा विचार तांब्याच्या बंबावर वाढलेल्या माणसाला पचायला जड जातो.

खरा घोटाळा निघाला पडद्यात. त्या पांढऱ्या मुठीच्या पोटात मेणाची किंवा द्रवाची एक कुपी असते. भोवतालची हवा तापली की कुपीतला ऐवज फुगतो, एक बारकी पिन आत दाबतो आणि पाण्याची वाट बंद होते. हवा गार झाली की तो आक्रसतो, वाट उघडते. ना वीज, ना सेल. डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेन नावाच्या माणसाच्या डोक्यातून ही युक्ती १९४३ साली निघाली. त्यानं आपला डॅनफॉस कारखाना सुरू केला तो १९३३ मध्ये, आईवडिलांच्या शेतावरच्या घरात, माळ्यावर. दादाला हे सांगितल्यावर त्याचा व्हॉल्व्हवरचा राग निम्मा उतरला. शेतकऱ्याच्या पोराची वस्तू आहे, म्हणजे वाईट नसणार. बसवणाऱ्याचं चुकलं असेल. आणि तसंच होतं. तिनावर ठेवलं की साधारण वीस अंश, पुढचामागचा प्रत्येक आकडा चारेक अंशांचा, हा हिशेब पक्का. पण तो खोलीचा हिशेब आहे असं माणसाला वाटतं आणि व्हॉल्व्हला फक्त स्वतःच्या नाकासमोरची हवा ठाऊक असते. पडद्याआड रेडिएटरची सगळी ऊब कोंडलेली. हा बिचारा त्या डाळिंबी तंबूत घामाघूम होऊन पाणी तोडत होता आणि दोन हातांवर पुतणी स्वेटरवर स्वेटर चढवून बसली होती.

भीमेपलीकडे दौंडच्या बाजूला गुऱ्हाळं लागतात, तिथे हा प्रश्न फार जुन्या काळी सुटलेला आहे. जाळव्या खाली चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडं आत ढकलत असतो. काहिलीत काय चाललंय हे त्याला दिसत नाही, आणि त्याच्या जागेवरून विचाराल तर जग कायमच भाजून निघतंय. म्हणून जाळ किती ठेवायचा हे त्याला कुणी विचारत नाही. वर काहिलीशी गुळव्या उभा असतो. फेसाचा रंग, बुडबुड्यांचा आकार, पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी होते की नाही, यावर त्याची नजर. पाक एकशे अठरा अंशांच्या आसपास आला की तो वरून ओरडतो आणि जाळव्याचे हात थांबतात. या व्हॉल्व्हचाही असा एक प्रकार मिळतो. पाणी अडवणारा भाग रेडिएटरशी, आणि ऊन-गार कळणारा भाग केसासारख्या बारीक नळीनं लांब भिंतीवर नेलेला. पडदा किंवा सोफा हलवणं शक्यच नसेल तिथे तो लावतात. दादाला मी म्हटलं, हा गुळव्या आहे. त्याला एवढं पुरलं.

आमच्या घराचा गुळव्या मात्र चुलीशीच बसायचा. आजी. भाकरी थापता थापता तिला घाम फुटलेला असे, आणि ओसरीवरून आजोबा "लई गारवा सुटलाय" म्हणाले की आतून उत्तर जाई, "कुठंय गारवा?" घरात ऊब किती, भूक किती, कोण दमलंय, याचे निकाल तिच्या पाटावरून लागत. आमच्याच शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीची मातीची घरं आणि त्या घरांमधल्या चुली उघड्या पडल्या. एक घर तर पाच खोल्यांचं, म्हणून ते गावच्या प्रमुखाचं असावं असं म्हणतात. त्या पाच खोल्यांत चुलीजवळची जागा कुणाची आणि लांबून कोण कुरकुरत होतं, हे मला नेहमी जाणून घ्यावंसं वाटतं. आजीचं एक होतं. मध्यरात्री चूल विझल्यावर तिला थंडी कळायची, आणि मग ती स्वतःची गोधडी काढून आमच्यावर घालायची. संध्याकाळी गारवा नाही म्हणालेली तीच.

व्हॉल्व्हला एवढं कळत नाही, पण तो अपमान मानत नाही हा त्याचा गुण. आडवा बसवला, तोंड खोलीकडे केलं, की सुधारतो. उभा बसवला तर खालच्या पाइपाची ऊब सरळ अंगावर घेऊन पुन्हा सुखावतो. जर्मनीत ऐन हिवाळ्यात दिवसातून थोडा वेळ खिडक्या सताड उघडून खोलीची हवा बदलतात. तेव्हा तो तिनावर राहिला, तर थंड झोत अंगावर येताच सगळं पाणी सोडतो आणि बाहेरचं ब्रेमेन तापवायला निघतो. २०२२ च्या हिवाळ्यात गॅसची ओढ पडली, तेव्हा तिथल्या सरकारनं सरकारी कचेऱ्या एकोणीस अंशांपुढे तापवायला मनाई केली होती. एकोणीस अंशांना आमच्याकडे मफलर निघतो.

पुतणीनं शेवटी पडदे खिडकीच्या चौकटीपर्यंत वर दुमडून टाके घातले. वहिनीला ते आवडलेलं नाही. एवढं चांगलं अस्तर, तिच्या मते, वाया गेलं. तुमचंही कुणी त्या बाजूला राहत असेल, तर पुढच्या फोनवर जेवलास का हे विचारून झाल्यावर एवढं विचारा: व्हॉल्व्हपुढे पडदा येतो का, सोफा येतो का, तो आडवा आहे का. आणि तिनावर ठेव म्हणावं. पाचावर ठेवल्यानं खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते.