ताण न सोसणारे यंत्र

शाई भरून वापरायच्या इंकजेट प्रिंटरला नियमित काम लागते. वरूडचा बागायतदार मे महिन्यात संत्र्याचे पाणी तोडून झाडाला ताण देतो आणि पाऊस पडला की मृग बहार घेतो. प्रिंटरला असा ताण दिला की केसाहून बारीक नोझल तेवढे सुकतात. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात हे लवकरच घडते आणि सातबाऱ्यावर आडव्या पांढऱ्या रेघा उमटतात. वारसांच्या नावांवरून तर हमखास.

मग हेड क्लीनिंग. त्यात महागाची शाई ओढली जाऊन थेट टाकाऊ शाईच्या पॅडमध्ये जाते. पॅड भरल्याचा अंदाज काउंटर बांधतो आणि आकडा पुरा झाला की पॅड न पाहताच यंत्र संप पुकारते. कार्ट्रिजवरची चिपही तशीच सरकारी वळणाची: काठोकाठ भरले तरी तिच्या दप्तरी ते रिकामेच.

हेड कार्ट्रिजवरच असेल, तर कोमट पाण्याने ओलावलेल्या टिश्यूवर काही मिनिटे टेकवावे. सिरिंजने शाई सावकाश सोडावी. घाईत हवा अडकते. तिरंगी कार्ट्रिजमध्ये जास्त ओतली, तर पिवळ्यात निळी उतरते आणि पिकलेले संत्रे हिरवे छापून येते. आठवड्याला एक रंगीत पान काढले की नोझल मोकळे राहतात. छापायला काही नसेल, तर पोरांचे शाळेचे प्रोजेक्ट आहेतच.