बेअरिंगवाले काका

अंबरनाथ पश्चिमेच्या एमआयडीसीत सुट्टी शुक्रवारी. सगळ्यांनी एकाच दिवशी थांबू नये, विजेचा भार वाटला जावा, म्हणून औद्योगिक वसाहतींना वार वाटून दिले, त्यातला हा आमचा. त्या दिवशी प्रॉडक्शनवाले साखरपुडे उरकतात. आमच्या शेजारचे काका मेन्टेनन्स इंजिनीअर, ते मात्र डबा घेऊन निघतात, कारण बंद मशीन त्यांच्या हाती त्याच दिवशी लागतं. रविवारी जग घरी आणि कारखाना चालू, म्हणजे फोन कधीही.

काकांचे वडील विम्को या काडेपेटीच्या कारखान्यात मशीनवर होते. विम्को नाका आपल्यासाठी रिक्षाचा थांबा, काकांसाठी घराणं.

काकांचा सगळा जीव कानात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. व्हायब्रेशन मोजायचं यंत्र कंपनीनं दिलंय, पण ते ऑडिटलाच कपाटाबाहेर येतं. सत्यनारायणाची आरती चालू असताना काका वर पंख्याकडे बघून पुटपुटतात, "६२०२ गेलंय." सोसायटीतल्या पोरांना पाचाचा पाढाही बेअरिंगवरूनच: ६२०५ म्हणजे २५ मिलिमीटरचा शाफ्ट, ६२०८ म्हणजे ४०. मग ६२०२ म्हणजे १०? नाही, १५. इथे पोरं क्रिकेटला पळतात.

मशीन कधी चालू होणार, या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं: "अर्धा तास." आता बेअरिंग शाफ्टवर चढवायचं तर आधी शंभरेक अंशांवर तापवायला हवं, कपलिंगचं अलाइनमेंट डायल गेजवर मिलिमीटरच्या शतांशात जुळवायला हवं, आणि नेमकी हवी तेवढ्या जाडीची शिम स्टोअरमध्ये नसते. प्रॉडक्शन मॅनेजरलाही हे ठाऊक असतं. तरी तो दर दहा मिनिटांनी येऊन उभा राहतो.

सोसायटीचा पंप कुरकुरतोय, हे काकांनी गणपतीतच सांगितलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, "पाणी चढतंय ना? मग झालं!" नरक चतुर्दशीच्या पहाटे पंप बसला. अंगाला उटणं चोपडलेली अख्खी सोसायटी काकांच्या दारात. काका बाहेर आले ते चेहरा कसाबसा गंभीर ठेवून, स्क्रू ड्रायव्हर हातातच.

"या वेळी बेअरिंग कुठलं मिळायला?" सेक्रेटरी काकुळतीला आले.

काकूंनी देवघराच्या खालच्या कप्प्यातून खोकं काढलं. "गणपतीतच आणून ठेवलंय ह्यांनी. बिल आत आहे, तेवढं आधी द्या."