शिसपेन्सिलीची करामत

छापील चित्राखाली डावीकडे शिसपेन्सिलीने १७/१०० लिहायचं, उजवीकडे सही ठोकायची. कालचं पोस्टर आज कलाकृती! शंभर म्हणजे शंभरच हं. 'आर्टिस्ट्स प्रूफ' म्हणून आणखी दहाएक बाजूला काढतात, ते मोजायचे नसतात.

राजा रविवर्म्याला हे सुचलं नाही. १८९४ साली गिरगावात छापखाना काढून त्याने लक्ष्मी-सरस्वती हव्या तितक्या छापल्या. त्या देवघरात गेल्या, काचेवर हळदकुंकवाची बोटं उमटली, पण कितव्या नंबरची लक्ष्मी हे कुणी विचारलं नाही. छापखाना मात्र पुढे जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला.

साल्वादोर दाली पक्का व्यवहारी. आधी सही, चित्राचं मग बघू! १९७४ साली फ्रेंच कस्टम्सने अडवलेल्या ट्रकात त्याच्या सहीचे ४०,००० कोरे कागद निघाले.

तरी आपल्या तरुण चित्रकारांनी नंबर घालावेतच. मूळ चित्र एकदाच विकलं जातं, आणि गॅलरीचा वाटा वजा जाता फ्रेमवाल्याची उधारी तेवढी फिटते. प्रिंटवर घरभाडं निघतं. गिऱ्हाईक हटकून १/१०० मागतं. शंभराव्या प्रतीतला निळाही तितकाच निळा असतो, हे त्याला कशाला सांगा?