फडकेभाऊंचा भाव

फडकेभाऊंचं आडनाव फडके नाही. खरं आडनाव काय, हे आमच्या लेआउटमध्ये वीजबिल वाटणाऱ्यालाच ठाऊक असावं. खांद्यावर कायम एक फडकं असतं, म्हणून ते फडकेभाऊ. पुतण्याच्या लग्नात त्यांनी खांद्यावर शेला घेतला होता, तर त्यातही लोकांना फडकंच दिसलं. असा एक माणूस प्रत्येक वस्तीत असतो. सकाळी आपण दूध आणायला निघतो तेव्हा तो गाडीपाशी वाकलेला असतो. दूध घेऊन परततो तेव्हाही तो वाकलेलाच असतो, फक्त चाक बदललेलं असतं.

नागपुरातल्या कळमन्यात गाडी स्वच्छ ठेवणं म्हणजे काय, हे धरमपेठेतल्या माणसाला सांगून समजायचं नाही. इकडे बाजार समितीचं मार्केट यार्ड, तिकडे कोलकात्याकडे जाणारी रेल्वेलाइन, आणि दोहोंच्या मधोमध ट्रकांची रांग. पारडीच्या उड्डाणपुलाचं काम कित्येक वर्षं चाललं, तेव्हा गाड्यांचे मूळ रंग फक्त आरसी बुकात उरले होते. वर आणखी लाल मिरचीचा हंगाम. यार्डात मिरचीची पोती रिकामी होऊ लागली की अख्खा परिसर शिंकतो, आणि तो तांबूस भुगा गाड्यांच्या काचांवर येऊन बसतो. ज्या बोटानं काच पुसली त्याच बोटानं चुकून डोळा चोळला, तर माणूस गाडी तशीच सोडून स्वतःला धुवायला पळतो. अशा मुलखात फडकेभाऊंची जुनी वॅगन आर, एमएच-४९, शोरूममधून आत्ताच बाहेर पडल्यासारखी उभी असते. तिच्या बॉनेटमध्ये पाहून समोरच्या घरातले काकाजी भांग पाडतात.

फडकेभाऊ कामाला फळबाजारात आहेत. एका अडत्याकडे हर्रास बोलतात. संत्र्याच्या ढिगाभोवती एक चक्कर मारायची, एक फळ उचलून तळहातावर तोलायचं, की टनाला काय भाव निघेल हे त्यांना कळतं. आंबिया बहर असो की मृग, त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. आवाज असा खणखणीत, की बोली लावणाऱ्याला शंभर रुपये वाढवल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्याच्या मालाचा भाव चढवणारा असा माणूस यार्डात शोधून सापडायचा नाही. आता ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

त्यांचं गाडी धुणं एकदा जवळून पाहावं. मे महिन्यात पहाटे पाचला सुरुवात. ऊन बॉनेटवर आलं की पत्रा तापतो, शाम्पू जागच्या जागी सुकतो आणि थेंबांचे पांढरे डाग पडतात, म्हणून सगळं सूर्याच्या आधी आटपायचं. नवतप्यात तर ते चारलाच उठतात. पाइप लावायचा नाही. उन्हाळ्यात इथे पाणी कसं येतं हे सगळ्यांना माहीत आहे. बादल्या मात्र दोन. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. गाडीवरून फिरवलेलं फडकं आधी साध्या पाण्यात पिळायचं, त्याची रेती तळाशी बसू द्यायची, आणि मगच ते शाम्पूत बुडवायचं. फडक्याची घडी चौपदरी. एक बाजू मळली की दुसरी. सुरुवात टपापासून, शेवट चाकांवर. चाकांचं फडकं वेगळं, आणि ते चुकून बॉनेटला लागलं तर सोवळं मोडलं. मग सगळं पहिल्यापासून. एसीच्या जाळीत दात घासायचा जुना ब्रश. ब्रश पोचत नाही तिथे कान कोरायची कापसाची काडी. भांडी घासायच्या साबणाचं तर नाव काढायचं नाही, कारण तो गाडीवरचं मेण खरवडून नेतो. एकदा वहिनींनी चांगल्या मनानं तो बादलीत टाकला होता. त्या दिवशी फडकेभाऊ जेवले नाहीत.

महिन्यानं गाड्या पुसणारी पोरं सकाळी सायकलवरून येतात. एकच ओली चिंधी, पंधरा गाड्या, पाच-पाच मिनिटं. ती पाहून फडकेभाऊंचा जीव तुटतो. "अबे, पाचव्या गाडीची रेती तू सहाव्या गाडीवर घासून रायला," ते ओरडतात. मग मालकाला हाताला धरून उन्हात नेतात आणि रंगावरचे बारीक गोल ओरखडे दाखवतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे. मालकाला ते तोपर्यंत कधी दिसलेले नसतात. त्यानंतर दुसरं काही दिसत नाही.

"हे तुम्हाला शिकवलं कोणी?" मी एकदा विचारलं. म्हणाले, "आमचा आजा." आजोबा कन्हानच्या काठचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना नदीवर न्यायचे, शिंगांपासून खुरांपर्यंत धुवायचे, संध्याकाळी हळद-तूप लावून खांदे शेकायचे. "त्याले कोणी रेट नाही विचारला कधी," फडकेभाऊ म्हणाले. रेट हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा प्रथम ऐकला. तेव्हाच ओळखायला हवं होतं, की आत काहीतरी शिजत आहे.

शिजवणारे अर्थात आम्हीच. दसऱ्याला गाडीची पूजा करायची, तर गाडी धुतलेली हवी. म्हणून आदल्या दिवशी शेजारच्यांनी गाडी त्यांच्या दारात आणून लावली. फडकेभाऊंनी ती फुकट धुऊन दिली. पुढच्या वर्षी चार गाड्या आल्या. मग कोणीतरी ते वाक्य बोललं, जे प्रत्येक हौशी माणसाला कधी ना कधी ऐकावं लागतं: "भाऊ, तुमी याचा धंदाच काहून नाही करत?"

चांगले पोहे करणाऱ्या बाईला, बासरी वाजवणाऱ्या पोराला आणि गाडी चमकवणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकवलं की त्याची झोप जाते. फडकेभाऊंचीही गेली. त्यांनी अडतीतून एक कोरी खातेवही आणली आणि हिशेब मांडला. एका गाडीचे तीनशे रुपये. त्यातून शाम्पू पंचवीस, फडक्याची झीज पंधरा, व्हॅक्यूमची वीज दहा, गिऱ्हाइकाचा चहा दहा. उरले दोनशे चाळीस. वेळ तीन तास, म्हणजे तासाला ऐंशी. "हमाल जास्त कमावते," ते म्हणाले. मी म्हटलं, मग पाऊण तासात उरका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी संत्र्यात मोसंबी मिसळायला सांगितली. "पाऊण तासात धुतलेली गाडी म्हणजे धुतलेली नाही. ओली झालेली."

सल्लागारांची वाण नव्हती. पुतण्या म्हणाला, "काका, गाडी धुणं म्हणू नका, डिटेलिंग म्हणा. फेसाची बंदूक घ्या, सिरॅमिक कोटिंग करा, व्हिडिओ टाका." सरकारी कागदपत्रांत मुरलेले काकाजी म्हणाले, "गुमास्ता परवान्याची चिंता नको. २०१७ च्या कायद्यानं मोजकीच माणसं असली तर नुसती सूचना द्यावी लागते. भांडवलाला मुद्रा योजना, शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत." फडकेभाऊ म्हणाले, "पन्नास हजाराचं काय करू? बादल्या दोनच लागते." काकाजी थांबले नाहीत. "आणि वर्षाला वीस लाखांच्या वर उलाढाल गेली, की जीएसटी." फडकेभाऊंनी खातेवही उघडली. वीस लाख भागिले तीनशे. वर्षाला साडेसहा हजारांच्या वर गाड्या, म्हणजे दिवसाला अठरा. गाडीला तीन तास धरले तर रोज चोपन्न तास काम. "तेवढं जमणार नाही," त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं.

शेवटी पहिलं गिऱ्हाईक आलं. यार्डातले एक निवृत्त सेठजी. पांढरी शुभ्र एसयूव्ही, निदान ती पांढरी आहे असं त्यांचं म्हणणं होतं. मिरचीच्या दोन हंगामांत तिला पाणी लागलं नव्हतं. फडकेभाऊ रविवारी पहाटे पाचला बसले, ते बाराला उठले. सीटखालून जे निघालं त्याची त्यांनी रीतसर यादी केली: संत्र्याच्या बिया एकोणीस, केसांची पिन एक, वाळलेल्या मिरच्या अकरा, एक भिरभिरी आणि सतरा रुपये सुटे. पैसे पाकिटात घालून पाकीट डॅशबोर्डवर ठेवलं.

सेठजी आले, गाडीभोवती फिरले, खूश झाले. "बोला, किती द्यायचे?"

आणि यार्डात लाखांच्या बोल्या गाजवणारा हा माणूस मुका झाला. घसा खाकरला, फडकं पिळलं, झटकलं, परत पिळलं. "द्या ना, काय द्यायचं ते."

सेठजी जुन्या पठडीतले. त्यांच्या उमेदीत अडते रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवायचे. पुढे उघड लिलावाचा नियम आला आणि रुमाल नुसता घाम पुसायला उरला. त्यांना काय लहर आली कोण जाणे. त्यांनी फडकेभाऊंच्या खांद्यावरचं फडकं ओढलं, हातावर टाकलं आणि त्याखाली फडकेभाऊंची पाची बोटं धरली. म्हणजे पाचशे. फडकेभाऊंनी घाबरून दोन बोटं सोडवली. "एवढे कायले, सेठजी?" तीनशे झाले. क्षणभर गेला आणि त्यांनी आणखी एक बोट सोडवलं. "पहिलंच गिऱ्हाईक तुमी."

सेठजींनी फडकं बाजूला केलं. "चाळीस वर्षं बाजारात काढली बाप्पा," ते म्हणाले, "पण उलटा हर्रास आज पाह्यला."

दोनशे रुपयांवर सौदा झाला. मात्र खरा धडा दुसऱ्या दिवशीच मिळाला. सेठजींचा ड्रायव्हर गाडी घेऊन परत आला: मागच्या दाराच्या आत, बिजागरीपाशी, थोडी माती राहिली आहे म्हणे. ती राहिली होती, हे खरं. फडकेभाऊंनी ती काढली आणि ओट्यावर येऊन बसले. "फुकट धुतली तवा लोक चमक पाहत होते," ते म्हणाले. "पैसे दिले की डाग पाहते."

मला वाटलं, धंदा संपला. वहिनी आतून भाजी चिरता चिरता बोलल्या, "तुमी यार्डात इतके वर्ष आहा. शेतकरी आपल्या ढिगापाशी बसून राहते, तो स्वतः भाव बोलते का कधी?"

"नाही."

"काहून?"

फडकेभाऊ विचारात पडले. रोज पाहत असलेली गोष्ट त्यांनी प्रथमच पाहिली असावी. वर्षभर झाड सांभाळलेला माणूस ढिगाशेजारी उकिडवा बसतो, बोली चढते-उतरते, आणि तो मातीत काडीनं रेघा ओढत राहतो. "आपला माल असला, की तोंड शिवल्या जाते," ते हळूच म्हणाले.

"म्हणून अडत्या लागते. आजपासून तुमची अडत्या मी."

त्या दिवसापासून दर वहिनी ठरवतात. रविवारी दोनच गाड्या. एका गाडीचे पाचशे, आणि ते किल्लीसोबत आगाऊ. डाग दाखवायची मुदत गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांच्या गाड्या पूर्वीसारख्याच फुकट, कारण ती पूजा आहे, धंदा नाही. मी गमतीनं विचारलं, "वहिनी, अडत किती घेता?" त्या म्हणाल्या, "पुरी." आणि वर मला नियमही ऐकवला: २०१६ पासून फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून कापत नाहीत, खरेदीदाराकडून घेतात. "म्हणजे यांच्याकडून मी काही कापत नाही," त्यांनी खुलासा केला. "तुमच्याकडून घेते."

तर तुमची गाडी मळली असेल तर खुशाल आणा. पाचशे रुपये आणि किल्ली वहिनींच्या हातात द्या, आणि फडकेभाऊंना भाव तेवढा विचारू नका. ते दोनशेवर आणतील, वहिनी पाचशेच घेतील, आणि मधल्या तीनशेवरून त्या घरात जे भांडण होईल, त्याचे डाग दोन बादल्यांनी निघायचे नाहीत.