लाल दिसलं तर दिसू द्या

टेस्टरला सेलेनियमची ओढ का लागते, हे कळायला रिग्रेशनचा एक आठवडा पुरतो. तेच लॉगिन, तोच फॉर्म, तेच पेमेंटचं पान. क्रोममध्ये झालं की फायरफॉक्समध्ये, आणि नवा बिल्ड आला की पुन्हा पहिल्यापासून. २००४ साली शिकागोत थॉटवर्क्समध्ये जेसन हगिन्सने कंपनीतल्याच वेळ आणि खर्च नोंदवण्याच्या ॲप्लिकेशनसाठी चाचणीचं एक साधन लिहिलं. त्यातून सेलेनियम उभं राहिलं. महागड्या टूल्सच्या जमान्यात ते फुकट आणि खुलं मिळालं, म्हणून जगभर पसरलं. माणसाचं रटाळ काम त्याने वाचवलं, त्याबद्दल माझ्या मनात निखळ कृतज्ञता आहे.

ओढीला दुसरीही बाजू आहे. आपल्याकडे हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत मॅन्युअल टेस्टिंग करणाऱ्याला दुय्यम समजतात. नावापुढे ‘ऑटोमेशन’ लागलं की पगार वाढतो आणि डेव्हलपर जरा बरोबरीने बोलू लागतो. मग कुणी रात्री जागून पानावरचं बटण स्क्रिप्टला शोधून देणारं एक्सपाथ शिकलं, तर त्यात नवल काय? ती धडपड रास्तच आहे.

माझा राग आहे तो नोकरी लागल्यानंतरच्या एका सवयीवर. सेलेनियमची स्क्रिप्ट बटणावर क्लिक करायला जाते आणि एरर येते: क्लिक अडला, वर दुसरंच काहीतरी आहे. कुकीची पट्टी असेल, न मिटलेला लोडर असेल, घसरलेला मेन्यू असेल. म्हणजे वापरणाऱ्याचं बोटही तिथेच अडणार! स्क्रिप्टने नेमकं तेच सांगितलं, जे सांगायला तिला ठेवलंय. आणि आपण काय करतो? जावास्क्रिप्टने क्लिक मारतो. तो थेट त्या बटणाच्या कोडला जाऊन भिडतो, वर काय आहे ते बघतच नाही. प्लेराइट या दुसऱ्या टूलमध्ये ‘फोर्स’ची सोय आहे; ते दिलं की बटण झाकलेलं आहे का, ही तपासणीच वगळली जाते. टेस्ट हिरवी होते. साताऱ्याहून मोबाइलवर वीजबिल भरणारी बाई मात्र त्या बटणावर बोट दाबत बसते.

दुसरा उपाय म्हणजे थ्रेड स्लीप. पान उशिरा येतंय? पाच सेकंद थांबा. तरी येत नाही? दहा. पान का रखडतंय, हे विचारायला कुणी जात नाही. तिसरा उपाय रीट्राय: फेल झाली की पुन्हा चालवा, तिसऱ्यांदा तरी पास होईल. कोडमध्ये काही न बदलता कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्टला आपण ‘फ्लेकी’ म्हणतो आणि सोडून देतो. हे दुखणं मोठ्यांनाही आहे. २०१६ साली गुगलने स्वतःच लिहिलं होतं की त्यांच्या जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा आहे. कधी दोष टेस्टचा असतो, हे मान्य. पण कधी खरोखरच सर्व्हरवर दोन कामांची शर्यत लागलेली असते आणि दहातल्या एका ग्राहकाची ऑर्डर हरवते. तिसऱ्या फेरीत पास झालेल्या टेस्टने ती ऑर्डर परत मिळत नाही.

यात एकट्या टेस्टरला दोषी धरणं अन्याय आहे. स्प्रिंट संपताना त्याच्याकडे मागितली जाते ती पासची टक्केवारी. लाल दाखवणारा रिलीज अडवणारा ठरतो, हिरवं दाखवणाऱ्याची पाठ थोपटली जाते. अशा ठिकाणी प्रामाणिक माणूसही फोर्स क्लिक शिकतो.

म्हणून मॅनेजरांनो, पुढच्या वेळी टक्केवारी मागण्याआधी टेस्टच्या कोडचा रेपो उघडायला लावा. त्यात जावास्क्रिप्ट क्लिक किती, स्लीप किती, रीट्राय किती, ते शोधा. ज्याच्याशेजारी कारण लिहिलेलं नाही, त्या प्रत्येकावर बग टाकायला लावा आणि तो टाकणाऱ्या टेस्टरला रिलीज लांबल्याबद्दल एक शब्दही बोलू नका.