कॅशलेस, पण रोख आणा

अमेरिकेपुढं कोल्हापूरकरांनी दबून राहावं असं आता काही उरलेलं नाही. पिझ्झा आला, मॉल आला आणि आरोग्य विम्यातही आपण त्यांच्या तोडीस तोड झालो. आमच्या गल्लीतल्या तात्यांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. परवा तो फोनवर रडगाणं गात होता. नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा हप्ता तिकडं २०२४ मध्येच सरासरी वर्षाला २५ हजार डॉलरच्या पुढं गेला. मालक आणि नोकरानं मिळून एवढं भरायचं आणि वर बऱ्याच पॉलिसींत सुरुवातीचा खर्च पेशंटच्याच खिशातनं. डॉक्टर यादीतला नसेल तर भुर्दंड, मोठ्या तपासणीला आधी कंपनीची परवानगी. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग आमचं काय येगळं हाय? डॉलर तेवढं न्हाईत."

तात्यांना हे बोलायचा अधिकार आहे. त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन नुकतंच झालं. पॉलिसी ३ लाखांची, विकणारा एजंट नात्यातला. चहाचा कप हातात धरून त्यानं सांगितलं होतं, "तात्या, कार्ड दाखवायचं, ऑपरेशन करायचं, घरला जायचं. एक रुपाया न्हाई." ते कार्ड तात्यांनी काउंटरवर ठेवलं. पलीकडून गोड आवाजात विचारणा झाली, "डिपॉझिट कार्डनं भरणार की कॅश?"

मग प्रश्नपत्रिका सुरू झाली. ॲडमिट होताना नवशिक्या डॉक्टरनं केसपेपरवर ‘पोटदुखी ३ वर्षांपासून’ असं लिहून टाकलं होतं. तात्या म्हणाले होते, "मधनंअधनं दुखतंय." पण कंपनीच्या टीपीएला, म्हणजे तिच्या वतीनं दावे तपासणाऱ्या मधल्या संस्थेला, तेवढं पुरलं. हा आजार पॉलिसी घेताना होता का, लपवला का, आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी कुठं आहे? सलग ५ वर्षं हप्ते भरल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवली म्हणून दावा नाकारता येत नाही, असा नियम आहे. तात्यांचे हप्ते त्याच्या दुप्पट वर्षांचे. पण नियम हैदराबादच्या विमा नियामकाकडं आणि पेशंट कोल्हापुरात. दोघांची गाठ पडायची कशी?

याच नियामकानं मे २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे, की कॅशलेसची विनंती आली की तासाभरात निर्णय द्या आणि डिस्चार्जच्या वेळी ३ तासांत अंतिम मंजुरी द्या. त्याहून उशीर झाला तर हॉस्पिटलचा वाढीव खर्च कंपनीनं सोसायचा. तात्यांना सकाळी दहाला डिस्चार्ज मिळाला, मंजुरी आली दिवेलागणीनंतर. कंपनीच्या घड्याळात तेव्हा बहुधा तिसराच तास चालू असावा.

मंजुरीबरोबर हिशेबही आला. ३ लाखांच्या पॉलिसीला खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला १ टक्का, म्हणजे ३ हजार. खोली मिळाली ४,५०० ची. तात्यांना वाटलं, दिवसाला वरचे दीड हजार आपण भरू. तसं नसतं. खोलीचे दोनतृतीयांश पैसे मंजूर, म्हणून सर्जनची फीही दोनतृतीयांशच. ४५ हजारांचे झाले ३० हजार. खोली महाग घेतली म्हणून पित्ताशयही ऐपतीबाहेर गेलं.

यादी अजून संपलेली नव्हती. विम्यात न बसणाऱ्या ६८ वस्तूंची एक अधिकृत यादी आहे. तिच्यात थर्मामीटर आहे, ईसीजीचे इलेक्ट्रोड आहेत, झेरॉक्स आहे आणि हातमोजेसुद्धा आहेत. ऑपरेशन मंजूर, मोजे नामंजूर. सर्जननं उघड्या हातानं पोटात हात घालावा, अशी कंपनीची अपेक्षा असेल तर तसं कार्डावर छापावं. पेशंट घरनंच रबरी मोजे घेऊन येईल.

तात्या एकटे नाहीत. २०२३-२४ मध्ये देशातल्या विमा कंपन्यांनी सुमारे २६ हजार कोटी रुपयांचे आरोग्य दावे फेटाळले. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी सरकारनं काढून टाकला, तेव्हा तात्यांनी पेढे वाटले होते. आता त्यांना कळलंय, की कर हप्त्यावरचा गेला, काट-छाट दाव्यावरची राहिली.

तेव्हा मंडळी, पॉलिसी आज कपाटातनं काढा आणि खोलीभाड्याचा रकाना वाचा. नवी असेल आणि पटली नाही तर हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. दावा नाकारला तर पॉलिसीतल्या कोणत्या कलमानं, ते लेखी मागा; ते देणं कंपनीला बंधनकारक आहे. आधी कंपनीकडं लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडं जा. तिथं ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. फी लागत नाही, वकील लागत नाही. या अख्ख्या धंद्यात खरंखुरं कॅशलेस तेवढंच आहे.